अवसेचा आणि बीजेचा

माझे आजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्या जन्मात दोन दिवसांचं अंतर होतं. आजोबा थोरले. चुलतभावाला आम्ही नातवंडं धाकटे आजोबा म्हणायचो. तरी तेरा वर्षांनी धर्माच्या हिशेबात धाकटे आधी जाणते झाले, आणि थोरले त्यांच्यामागून अठ्ठावीस दिवसांनी. आमच्या घरात ही हकीकत इतक्यांदा सांगितली गेली की लहानपणी मला ती रचलेली वाटे. मोठेपणी जुनं पंचांग आणि लुआख, म्हणजे आमचं हिब्रू पंचांग, शेजारी शेजारी ठेवून मी तारखा ताडून पाहिल्या. दिवसाचाही फरक निघाला नाही.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली, ही आमची मूळकथा. पुढे गावोगावी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक शनवार तेली म्हणू लागले. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, किहीमकर. एवढी ओळख पुरे.

१९२१ साली ९ मार्चला, बुधवारी, आजोबांचा जन्म झाला. पणजीच्या हिशेबात ती माघातली अवस. शुक्रवारी, ११ मार्चला सकाळी, तिच्या जावेला मुलगा झाला. ती फाल्गुनातली बीज. घर एकच, सुईण तीच, बाळंतविडाही बहुतेक सामाईक. पणजी मरेपर्यंत ह्या दोघांना ‘अवसेचा’ आणि ‘बीजेचा’ म्हणत राहिली. कुलाबा जिल्ह्यातल्या आमच्या गावात सगळ्याच आया मुलांचे जन्म तिथीवर लक्षात ठेवायच्या, आणि आमच्या बायका त्याच विहिरीवर पाणी भरायच्या.

लुआखप्रमाणे ते वर्ष ५६८१. त्या वर्षी अदार महिने दोन आले होते. आजोबा पहिल्या अदारच्या २९ तारखेचे, धाकटे दुसऱ्या अदारच्या १ तारखेचे, आणि मधला गुरुवार हा पहिल्या अदारचा ३०वा दिवस.

ज्याच्या घरात पंचांग आहे अशा मराठी माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही. हिब्रू महिने चंद्राचे, साधारण ३५४ दिवसांचं वर्ष, आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून १९ वर्षांत सात वेळा एक महिना जास्तीचा. आपल्या पंचांगातला अधिक मास कधी चैत्राला लागतो, कधी श्रावणाला, कधी अश्विनाला. हिब्रू गणनेत मात्र जास्तीचा महिना नेहमी अदारलाच लागतो. अदार म्हणजे ढोबळमानाने आपला फाल्गुन. महिना दोन्हीकडे अमावास्येनंतर सुरू होतो, त्यामुळे ज्या वर्षी अधिक मासांचे हिशेब एका ओळीत येतात त्या वर्षी सणही हातात हात घालून येतात. २०२४ साली आमचा नव्याचा सण, म्हणजे हिब्रू वर्षारंभ, आणि घटस्थापना दोन्ही ३ ऑक्टोबरला होती. त्याच्या आदल्या वर्षी मात्र अधिक श्रावण येऊन गेलेला, तेव्हा नव्याचा सण १६ सप्टेंबरला झाला आणि घट बसले ते थेट १५ ऑक्टोबरला. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये हिब्रू वर्षाने आपला जास्तीचा अदार घेतला आणि दोघं पुन्हा बरोबरीने चालू लागले. आमच्या म्हाताऱ्या माणसांनी अदारातल्या पुरिमला होळीचा सण हे नाव दिलं ते उगाच नाही. दोन्ही बहुतेक वर्षी एकाच पौर्णिमेच्या आसपास येतात.

आता नियम असा. मुलाची तेरा वर्षं पुरी झाली आणि चौदाव्यातला पहिला दिवस लागला, की तो बार मित्स्वा. धर्माच्या साऱ्या आज्ञा त्याला स्वतःला लागू. मिश्ना ह्या जुन्या नियमसंग्रहात माणसाच्या आयुष्याचे टप्पे सांगितले आहेत, त्यात पाचव्या वर्षी शास्त्रवाचन, तेराव्या वर्षी आज्ञांची बांधिलकी, अठराव्या वर्षी लग्न असा क्रम येतो. यासाठी कुठला विधी करावा लागत नाही. कोणी मंत्र म्हणून त्याला मोठा करत नाही. सूर्य मावळला, हिब्रू दिवस पालटला, झालं. मुलगा त्या वेळी झोपलेला असला तरी तो जाणता झालेला असतो. बार मित्स्वा ‘करतात’ असं आपण म्हणतो खरं, पण मुळात तो होतो. मंडपाची, जेवणाची, भाषणाची तारीख माणसं ठरवतात. जबाबदारीची तारीख चंद्र ठरवतो. ह्या दोन तारखांमध्ये जी ओढाताण चालते, तिच्यातच आमच्या घरातल्या निम्म्या गोष्टी आहेत.

५६९४ हे तेरावं वर्ष साधं निघालं. अदार एकच. मग पहिल्या अदारात जन्मलेल्याने आणि दुसऱ्या अदारात जन्मलेल्याने काय करायचं? दोघांनीही त्या एकाच अदारात आपापली तारीख गाठायची. धाकट्यांची १ तारीख आली शुक्रवारी, १६ फेब्रुवारी १९३४ रोजी. थोरल्यांची २९ तारीख उजाडली शुक्रवारी, १६ मार्चला. जन्मात पहिल्या अदारची २९ ही दुसऱ्या अदारच्या १ तारखेच्या आधी उभी होती. एकच अदार उरला तेव्हा तीच २९ तारीख महिन्याच्या शेपटाला गेली.

हा पेच गावच्या हजानने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याने, काढलेला नव्हता. सफेद नावाच्या गावात राहणाऱ्या योसेफ कारोंनी लिहिलेला आणि १५६५ मध्ये व्हेनिसला छापलेला शुलखान आरूख हा आमचा नियमांचा मुख्य ग्रंथ. त्यात नेमकं हेच उदाहरण आहे, पहिल्या अदारच्या २९चा मुलगा आणि दुसऱ्या अदारच्या १ चा मुलगा. पुस्तकात ते वाचताना शास्त्र्यांनी घातलेलं कोडं वाटतं. आमच्या ओटीवर ते दोन मुलांच्या रूपाने उभं होतं.

पणजीला ते मुळीच पटलं नाही. तिच्या तिथीप्रमाणे माघ अवस आधी येऊन गेली आणि बीज नंतर आली, दोन्ही फेब्रुवारीच्या त्याच आठवड्यात. अवसेचा आधी, बीजेचा मागून, हे तिला दिसत होतं. शाळेच्या दाखल्यावर तर दोघांचेही मार्चमधले वाढदिवस, म्हणजे इंग्रजी तारखेने धाकट्यांना तेरावं पुरं व्हायलाच अजून तीन आठवडे होते. तीन पंचांगं, तीन उत्तरं. हजानने तिला काय सांगितलं ते आजोबा त्याच्याच शब्दांत सांगायचे: “बाय, तुझी तिथी खोटी नाही. पण ह्या कामाला ती चालत नाही.”

आणि त्या वेळी गावाला उत्तर हवंच होतं. कारण आमची सार्वजनिक प्रार्थना दहा जाणत्या पुरुषांशिवाय पुरी होत नाही. दहांचा तो मेळ म्हणजे मिन्यान. नऊ असतील तर आपापली प्रार्थना करावी, पण तोराचं सेफर, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, उघडून वाचता येत नाही, कद्दीशची स्तुती म्हणता येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आमच्या आळीत मिन्यानची ददात नव्हती. मग एकेक घर मुंबईला गेलं. कोणी रेल्वेत, कोणी गिरणीत, कोणी कचेरीत कारकून, कोणी पलटणीत. १९३४ च्या त्या हिवाळ्यात गावात उरलेले जाणते पुरुष नऊ होते. प्रार्थनेची खोली होती (गावात तिला मशीदच म्हणत), हेखालमध्ये, म्हणजे सेफरच्या कपाटात, दोन सेफर होते, तेल होतं, दिवे होते. दहावा माणूस नव्हता.

शब्बाथच्या सकाळी नऊ जण जमायचे आणि दाराकडे बघत बसायचे. कोणी पाहुणा बोटीतून उतरला तर त्याला थेट खोलीवर आणायचे. एकदा कोणीतरी म्हणालं, अवसेचा पोरगा बापाच्या खांद्याला लागलाय, त्याच्या हातात धर्मपुस्तक द्या आणि धरा त्याला दहावा. ही सूचना हवेतून आलेली नव्हती. मुलाच्या हातात तोराचं पुस्तक देऊन त्याला दहावा मोजण्याची चाल युरोपात जुनी आहे. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये राशी ह्या भाष्यकाराचे नातू रब्बेनू ताम यांनी तिच्यावर आक्षेप घेतला आणि विचारलं, पुस्तक म्हणजे काय माणूस आहे? तरीही पुढे क्राकोवच्या मोशे इस्सेर्लेस यांनी नोंदवून ठेवलं आहे की अडीअडचणीला काही जण ही सूट घेतात. आमच्या पणजोबांनी ती घेतली नाही. मला त्यांचा हा हट्ट आवडतो. जिथे दहावा माणूस मोलाचा असतो तिथे तो खराच असावा, असं त्यांना वाटत असणार.

गुरुवारी, १५ फेब्रुवारीला, सूर्य मावळला आणि अदारची १ तारीख लागली. पश्चिमेला बीजेची कोर होती. धाकटे आजोबा खोलीत शिरले. बारीक चणीचे, आवाजही फुटला नव्हता. आजोबा त्यांच्या मागोमाग आले, ते अंगापिंडाने दीडपट. हजानने धाकट्यांकडे बोट केलं आणि संध्याकाळची प्रार्थना सुरू केली. नऊ आणि एक दहा. आजोबा अकरावे उभे होते, पण मोजणीत नव्हते.

“राग आला का हो?” मी विचारायची.

“राग नाही. पण त्या रात्री तो माझ्या अंथरुणात झोपला नाही, आपल्या बापाशेजारी झोपला. ते मात्र लागलं.”

धाकट्यांचं दैव जोरावर होतं. १ अदार म्हणजे महिन्याचा आरंभ, आणि त्या दिवशी तोरा वाचतात, मग वार कुठलाही असो. एरवी आठवड्यात सोमवारी, गुरुवारी आणि शब्बाथला वाचन असतं. त्यातही एक मेख आहे. मुलाच्या मोठेपणाच्या दोन दिसणाऱ्या खुणा: तोराच्या वाचनाला नाव पुकारलं जाणं, आणि तेफिलीन, म्हणजे हाताच्या आणि डोक्याच्या चामडी डब्या, बांधणं. शब्बाथला आणि मोठ्या सणांना तेफिलीन बांधत नाहीत. म्हणून ज्यांना दोन्ही गोष्टी एकाच सकाळी हव्यात ते सोमवार किंवा गुरुवार धरतात. जेरुसलेमला पश्चिम भिंतीपाशी ह्या दोन दिवशी ढोल-शिंगांच्या आवाजात मुलांच्या मिरवणुका निघतात, लोदला राहणारी माझी आत्या सांगते. शुक्रवारी १ अदार आल्याने धाकट्यांना दोन्ही एकदम मिळालं, तेही आमच्या गावात, जिथे कित्येक आठवडे सेफर बाहेर निघालं नव्हतं.

थोरल्यांचं काम दोन दिवसांत वाटलं गेलं, आणि माझ्या मते अधिक देखणं झालं.

शुक्रवार, १६ मार्च. पहाटे आजोबांच्या वडिलांनी तेफिलीनची पिशवी उघडली. घरात जोड एकच, महिनाभरापूर्वी धाकट्यांनी बांधलेला. दोन काळ्या चामड्याच्या डब्या, आत चामड्याच्या पातळ पट्ट्यांवर हाताने लिहिलेले तोराचे चार उतारे. हाताच्या डबीत चारही एकाच पट्टीवर, डोक्याच्या डबीत चार खणांत चार. डबी डाव्या दंडावर, थोडी आत कललेली, म्हणजे हात खाली सोडला की ती काळजाला लागते. वादी ओढून घट्ट करायची, कोपराखाली सात वेढे घ्यायचे. मग दुसरी डबी डोक्यावर, कपाळाच्या वर केसांची रेघ सुरू होते तिथे. मग पुन्हा हाताकडे येऊन मधल्या बोटाला तीन वेढे. आजोबा मला हे नुसत्या सुतळीने करून दाखवायचे. वेढे फार घट्ट झाले तर बोट निळं पडतं, सैल राहिले तर प्रार्थनेत घसरतात, आणि घसरलेले सावरताना कोणाशी बोलायचं नाही. पहिल्या दिवशी त्यांचे घसरले. वडिलांनी आपली प्रार्थना न थांबवता हात लांब करून वादी वर ओढून दिली.

दुसऱ्या दिवशी शब्बाथ, आणि निसान महिन्याची १ तारीख. ह्या दिवसाला खास मान आहे. मिसर देशात असतानाच मोशे आणि अहरोन यांना आज्ञा झाली की हा महिना तुमच्या महिन्यांतला पहिला धरा, तो निर्गमच्या बाराव्या अध्यायातला उतारा ह्या शब्बाथला वाचतात. आमचं सगळं पंचांग, महिने चंद्रावरून मोजण्याचा सगळा हक्क ह्याच आज्ञेवर उभा आहे. राशींनी दिलेली कथा अशी की मोशेला कळेना कोर किती मोठी दिसली म्हणजे महिना धरायचा, तेव्हा देवाने त्याला आकाशात बोट करून दाखवलं. शेवटचं वाचन म्हणून हाच उतारा आजोबांच्या वाट्याला आला. ज्या गणनेने त्यांना अठ्ठावीस दिवस मागे ठेवलं, तिचं मूळ वाचायला त्यांनाच बोलावलं.

त्या दिवशी तीन ठिकाणचे उतारे असतात आणि रीत तीन सेफर काढण्याची. गावात दोन. म्हणून पहिलं सेफर पुन्हा घ्यावं लागलं. लेवीयच्या आरंभापासून मागे गुंडाळत निर्गमच्या बाराव्या अध्यायापर्यंत आणायचं, म्हणजे निवासमंडपाचं सगळं वर्णन, सोन्याचं वासरू, सिनाय पर्वत, तांबडा समुद्र ओलांडून मागे. दोघं जण दोन दांडे फिरवत होते, हजान बोटाने ओळी शोधत होता, आणि बाकीचे गप्प उभे. आजोबा म्हणायचे की त्या वेळात त्यांना पाठ केलेलं सगळं विसरायला झालं आणि सेफर थांबलं तेव्हा एकदम आठवलं. नाव पुकारलं गेलं, त्यांनी आशीर्वाद म्हटला. मग वडिलांनी पुढे होऊन बापाने म्हणायचं ते म्हटलं: ह्याच्या कर्माची शिक्षा आता माझ्या माथी नाही, त्यातून मला मोकळं करणाऱ्याची स्तुती असो, अशा अर्थाचं. हे म्हणणं मिद्राशमधलं, म्हणजे शास्त्रावरच्या फार जुन्या भाष्यातलं आहे. पहिल्यांदा ऐकताना ते कोरडं वाटतं. बापाने मुलाची जबाबदारी झटकावी आणि वर आभार मानावेत? पण मला त्यात विश्वास दिसतो. तेरा वर्षं मी वाट दाखवली, आता तुझी तू चाल, हे एवढ्या लोकांसमोर म्हणायला बापाचं मनही तयार लागतं. बायकांनी वरून बत्तासे टाकले. दुपारी मलिदा झाला, पोहे, नारळ, साखर, फळं, एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन.

आणि मिन्यान आता अकरांचं झालं. एखादा तापाने पडला तरी चालणार होतं. आजोबा ही बाब सगळ्यात शेवटी सांगायचे, पण आवाज तिथेच वर चढायचा.

ह्याच्या मागची पिढी मात्र बार मित्स्वा हा शब्दही क्वचित उच्चारायची, असं पणजीच्या सांगण्यात येई. मला ते खरं वाटतं, कारण हा सोहळा त्या नियमाच्या मानाने पुष्कळ तरुण आहे. तेराव्या वर्षाची मर्यादा मिश्नाइतकी जुनी, सोहळा मध्ययुगातल्या जर्मनी-फ्रान्सकडचा. आमचे पूर्वज त्या सगळ्या जगापासून तुटलेले होते. त्यांच्याजवळ सुंता होती, शब्बाथ होता, खवले आणि पर असलेले मासेच खायचे हा नियम होता, आणि शेमा ही एकच प्रार्थना होती. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली आमच्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला, तो छापला गेला १९३७ साली तेल अवीवला. सुंतेला शेमा, लग्नाला शेमा, मरणाला शेमा, हे त्यातून दिसतं. मग कोचीनहून शिक्षक आले, बगदादी यहुदी आले. जॉन विल्सन या मिशनऱ्यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. त्यांचा हेतू वेगळा होता, पण अक्षरं आमच्या हाती आली. १८४६ पर्यंत वल्हांडणाची हागादा मराठीसह मुंबईत छापून निघाली. पुस्तकं आली तशा तारखा आल्या, तारखांबरोबर तेरावं वर्ष आलं.

त्याआधी मुलगा जाणता झाला हे कळायचं कशावरून? पणजीचं उत्तर सरळ होतं: दरफाळणीच्या सणावरून. योम किप्पुरला आमच्याकडे दारं लावून घरात बसत, म्हणून ते नाव. संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत अन्नपाणी नाही. लहान मुलं दुपारपर्यंत धरत. ज्या वर्षी मुलगा चांदण्या दिसेपर्यंत टिकला, त्या वर्षी आजोबा-काका त्याला आपल्या रांगेत जेवायला बसवत. शास्त्र काय सांगतं ते त्यांना वाचता येत नव्हतं. शास्त्रही तेच सांगतं: पूर्ण उपास तेरापासून बंधनकारक, त्याआधी थोडा थोडा सराव.

जगभर आमच्या लोकांत ह्या बाबतीत एकवाक्यता कधीच नव्हती. येमेनच्या यहुद्यांत लहान मुलंही तोरा वाचायची, तेराव्या वर्षाचा वेगळा थाट नसायचा. मोरोक्कोकडे मुलगा तयार झाला की तेराच्या आधीच सोहळा उरकत. युरोपातल्या अश्केनाझी यहुद्यांत तेफिलीनचा सराव दोन-तीन महिने आधी सुरू होतो. जेवणाचाही नियम आहे. पोलंडमधल्या सोलोमन लूरिया यांनी सोळाव्या शतकात म्हटलं की बार मित्स्वाचं जेवण हे धर्मकृत्याचं जेवण. त्याच दिवशी असेल तर प्रश्नच नाही, पुढे ढकललं तर मुलाने शास्त्रावर चार शब्द बोलावेत, म्हणजे जेवणाला तो दर्जा राहतो. जगभरच्या मुलांना ज्या भाषणाची धास्ती असते त्याला हा एक आधार आहे.

आता मुलींबद्दल. मिश्ना मुलीला मुलापेक्षा एक वर्ष आधी जाणती मानते, बारा वर्षं आणि एक दिवस. माझं बारावं पुरं झालं तेव्हा घरात कोणी काही केलं नाही. आईने स्वयंपाकघरात सांगितलं, “ह्या दरफाळणीला तुझा उपास पुरा,” आणि पीठ मळत राहिली. न्यूयॉर्कला १८ मार्च १९२२ रोजी रब्बी मोर्देखाय कॅप्लान यांनी आपली मुलगी ज्यूडिथ हिला सभेपुढे उभं करून तोरा वाचायला लावली, ती अमेरिकेतली पहिली बात मित्स्वा मानतात. त्याच्याही आधी बगदादच्या रब्बी योसेफ हायिम यांनी लिहिलं होतं की मुलीने त्या दिवशी आनंद करावा, नवं वस्त्र नेसावं आणि नव्या गोष्टीचा आशीर्वाद म्हणावा. हे मी चाळिशी ओलांडल्यावर वाचलं. ज्या बगदादमधून मुंबई-पुण्याला एवढी घराणी आली तिथे ही शिकवण होती आणि आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ती पोचली नाही, ह्याची मला आजही चुटपुट लागते. माझ्या मुलीला आम्ही बाराव्या वर्षी नवा परकर-पोलका शिवला आणि तिच्याकडून आशीर्वाद म्हणवून घेतला. कोणाची परवानगी लागली नाही.

धाकटे आजोबा पुढे इस्राएलला गेले. आजोबा ठाण्यात राहिले. स्तोत्रकर्त्याने माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं सांगितलं आहे, त्यावरून सत्तरी म्हणजे एक फेरा पुरा, आणि पुढे तेरा वर्षं मोजून त्र्याऐंशीव्या वर्षी दुसरी बार मित्स्वा, अशी चाल अलीकडे रुजली आहे. ती नियमात मोडत नाही, हौशीत मोडते. ५७६४ हेही साधंच वर्ष निघालं, एकाच अदारचं. म्हणजे पुन्हा तोच क्रम: धाकट्यांची तारीख २३ फेब्रुवारी २००४, थोरल्यांची २२ मार्च. ह्या वेळी दोन्ही सोमवार. धाकट्यांच्या मुलांनी तिकडे सगळं जुळवत आणलं होतं. त्यांनी फोनवर सांगून टाकलं की मी ठाण्याला जाऊन करणार, आणि २२ मार्चलाच. ते आले. १८७९ सालच्या शार हशामायिममध्ये दोघांना एकामागून एक पुकारलं. आधी थोरल्यांना. धाकट्यांनी हजानला तसं बजावूनच ठेवलं होतं. आजोबांच्या हाताला कंप होता, तेफिलीनचे वेढे धाकट्यांनी घालून दिले, सात मोजून.

दोघंही आता नाहीत. गावातली खोली बंद आहे. कोकणातल्या बऱ्याच ठिकाणी आता सणाला मुंबई-ठाण्याहून गाड्या करून माणसं येतात तेव्हा कुठे दहा होतात.

गेल्या काही वर्षांत तारखेचा सल्ला विचारायला आमच्या नात्यातले लोक माझ्याकडे येतात, कारण दोन्ही पंचांगं माझ्या कपाटात आहेत. पहिला प्रश्न मी जन्मवेळेचा विचारते. भाच्याचा मुलगा नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी पावणेसातला जन्मलेला. सूर्य सहाच्या सुमारास मावळला होता, तेव्हा हिब्रू तारीख पुढच्या दिवसाची. दुसरा प्रश्न, हॉल कधीचा? हॉल डिसेंबरअखेरचा, कारण इस्राएलचे नातेवाईक तेव्हा येणार. माझी हरकत नव्हती. सोहळा मागाहून केला तर चालतो. आधी केला तर मुलगा अजून लहानच असतो, आणि त्याच्या प्रार्थनेवर कोणाला विसंबता येत नाही. माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी होता. खऱ्या दिवशी मुलाने तेफिलीन बांधलेच पाहिजेत, पाहुणे असोत नसोत.

भाचा म्हणाला, “आत्या, मंगळवार आहे. त्या दिवशी तोराही वाचत नाहीत. सकाळी साडेसहाला येणार कोण?”

“तू ये, तो येईल. बाकी आठ मी बघते.”

दोन दिवस फोन केले. रात्रपाळीहून परस्पर येतो म्हणाले एक, एकांना वसईहून पहिली गाडी पकडावी लागली. मंगळवारी सहा पस्तीसला वरच्या सज्जातून मी मोजलं तेव्हा खाली दहा होते, मुलाला धरून. शाळेची बस सव्वासातची होती, ती त्याला मिळाली.